ज्यांच्या अस्थी घाटावर आल्या नाहीत

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही, पण समुद्राकडे जाणारी तापी आहे. प्रकाशाला, आमच्या दक्षिण काशीला, लोक अस्थी घेऊन येतात. घाटावर उभं राहिलं की मडक्यातली राख पाण्यावर क्षणभर पसरते आणि पश्चिमेला निघून जाते. पुढे सुरतेपलीकडे हे पाणी अरबी समुद्राला मिळतं. त्याच समुद्रात, दीवजवळ, 'आयएनएस खुकरी' तळाशी आहे.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने टॉर्पेडो मारून ही युद्धनौका फोडली. काही मिनिटांत ती बुडाली. तेवढ्या वेळात कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला माणसांना बाहेर काढत राहिले. स्वतःचं लाइफ जॅकेट त्यांनी एका खलाशाला दिलं. वाचलेल्यांनी त्यांना शेवटचं पाहिलं, ते ब्रिजवर, आपल्या खुर्चीत. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

कप्तानाने जहाजाबरोबर जायलाच हवं का? तसा नियम नाही. असा अनुभवी अधिकारी जगला असता तर नौदलाच्या कामीच आला असता. तरीही मला त्यांचं थांबणं पटतं. खाली अडकलेली माणसं त्यांच्या हुकमावर त्या पाण्यात आली होती. हुकूम देणाऱ्याची जबाबदारी कुठपर्यंत जाते, याचं उत्तर त्यांनी खुर्चीत बसून दिलं.

मुल्ला १९२६ सालचे. आमचा शिरीषकुमार मेहताही त्याच सालचा. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या मिरवणुकीत हातात तिरंगा घेऊन तो गोळ्यांसमोर उभा राहिला. त्याच्याबरोबर आणखी चौघे गेले. त्या पोरांनी सैन्याची शपथ घेतली नव्हती, त्यांच्या छातीवर पदक लागणार नव्हतं. गावाने चौकात स्मारक उभारलं आणि त्यांना आपलं म्हटलं.

गेलेल्याला सन्मानाचा काय उपयोग, असं आपण म्हणतो. आपल्याकडे देह हाती लागला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पुतळ्यात माणूस नसतो, हे अग्नी देणाऱ्याला ठाऊक असतं. तरी रिकाम्या हातांना धरायला काहीतरी लागतं. मरणोत्तर पदक मला तसंच वाटतं. ते मागे राहिलेल्यांसाठी असतं आणि त्यांच्यावर ऋण ठेवून जातं.

खुकरीवरच्या त्या पदकामागे आणखी १९३ माणसं आहेत. यंत्रखोलीत, स्वयंपाकघरात, आपापल्या पाळीवर असलेली. त्यांच्या घरच्यांना कुठल्याच घाटावर न्यायला अस्थी मिळाल्या नाहीत.

तर्पणात आपण ज्याला कोणी नाही त्याच्याही नावाने पाणी सोडतो. प्रकाशाला गेलो की मी आता एक ओंजळ जास्त सोडतो. ते पाणी त्यांच्यापर्यंत जाणारंच आहे.