पंखा बरोबर होता

डोंबिवलीतल्या एका घरात पावसाळा लागला की बाथरूमच्या छतावर बुरशीचे काळे ठिपके उमटायचे. खिडकी म्हणजे इमारतीच्या डक्टमध्ये उघडणारा हातभर झरोका. टॉवेल वाळायचे नाहीत, दाराचं प्लायवुड खालून फुगलेलं आणि म्हाताऱ्या आईचा खोकला आषाढात सुरू झाला की दसऱ्यापर्यंत हटायचा नाही.

मुलानं झरोक्यात सहा इंची एक्झॉस्ट फॅन बसवला. आई म्हणाली, "आंघोळ झाली की दार जरा किलकिलं ठेवत जा रे." पण वाफ घरात यायला नको म्हणून त्यानं उलट दाराखालच्या फटीलाच रबराची पट्टी ठोकली. पुढच्या पावसाळ्यात ठिपके परत आले. मग त्यानं नऊ इंची पंखा आणला. आवाज वाढला, ठिपके होते तेवढेच राहिले. बिल्डरच्या नावानं बोटं मोडून झाली.

दिवाळीआधी दुसऱ्याच कामाला आलेल्या वायरमनकाकांना त्यानं पंखा दाखवला. काकांनी वहीचं एक पान मागितलं. दार घट्ट लावून, पंखा चालू करून पान जाळीला टेकवलं. ते घसरून खाली पडलं. मग दार चार बोटं उघडून पुन्हा टेकवलं, तर पान फट्‌कन जाळीला चिकटलं आणि हात काढला तरी हललं नाही.

"पंखा बरोबर आहे," काका म्हणाले. "पण आत हवा आलीच नाही, तर तो बाहेर काय टाकणार?"

पट्टी निघाली. सुतारानं फुगलेलं दार खालून अर्धा इंच कापलं. जुनी बुरशी खरवडून नवा रंग दिला. आंघोळ आटोपताच पंखा बंद करायची सवयही मोडली, कारण भिंतींवरची ओल उडायला पुढची पंधरा-वीस मिनिटं लागतात. चाळीस वॅटचा पंखा रोज अर्धा तास चालला, तरी महिन्याला एक युनिटही होत नाही.

त्याच दिवशी, काका निघण्याआधी, मुलानं आईला विचारलं होतं, "अजून काय काय सांगत होतीस गं, जे मी ऐकलं नाही?"

"तो गॅसचा गिझर बाहेर काढ म्हणत होते."

काकांनी गिझरकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आणि हवा कमी असताना एक्झॉस्ट फॅन गिझरचा धूरही उलटा खोलीत ओढू शकतो. गिझर त्याच आठवड्यात मोकळ्या गॅलरीत गेला.

तुमच्या घरी पंखा असेल, तर आज दार लावून कागद टेकवून बघा. आणि गॅसचा गिझर बाथरूमच्या आत असेल, तर कागदाची वाट न बघता आधी तो बाहेर काढा.