कृतज्ञता कुणाची आणि कुठवर?

दौंडला एका नवदीक्षित कुटुंबात पौर्णिमेच्या वंदनेसाठी गेलो होतो. घरातले आजोबा ऐंशी ओलांडलेले, मूळचे शिरूरचे. लहानपणी ते ख्रिस्ती मिशनच्या शाळेत शिकले. वंदना झाल्यावर बोलता बोलता ते म्हणाले, "त्या बाईंनी माझ्या हातात पाटी दिली नसती, तर बाबासाहेबांचे ग्रंथ मी कसे वाचले असते?" त्यांचा मुलगा एकदम उसळला. "बाबा, आपण धम्म घेतला. आता मिशनचे गोडवे कशाला? त्यांनी शिकवले ते आपली संख्या वाढवायला!"

सून दाराशी उभी होती. शेजारी एक ख्रिस्ती आजी राहतात. नातवाने पाण्याचा तांब्या पुढे केला तरी त्या "प्रभूचे उपकार" म्हणून हात जोडतात. सुनेने विचारले, "त्यांना आभार मानायला देव आहे. आपण देव मानत नाही. मग आपण आभार कुणाचे मानायचे?"

धम्मबांधवांनो, हा प्रश्न एका घरातला नाही. तो आपल्या सर्वांच्या घरचा आहे.

प्रथम मुलाच्या रागाचा विचार करू. तो राग अकारण नाही. 'उपकार' या शब्दाने आपल्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या वाकवले आहे. त्यांनी गावाची राखण करायची, सांगावे पोचवायचे, मेलेली गुरे ओढायची, आणि संध्याकाळी दारोदार शिळी भाकरी मागायची. ती भाकरी खरे पाहता त्यांची मजुरी होती. पण गावाने तिला उपकार म्हटले आणि वर "जोहार मायबाप" म्हणायला लावले. हे जोखड काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन बिल आणले. प्रत्यक्षात कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. अशा समाजाला कृतज्ञता शिकवू गेले, तर तो आधी संशयाने पाहणारच.

परंतु लाचारी वेगळी आणि कृतज्ञता वेगळी. आपल्या हक्काची वस्तू दुसऱ्याने उपकार म्हणून दिली आणि आपण मान खाली घातली, तर ती लाचारी. दुसऱ्याने आपल्यासाठी खरोखर काही केले आणि आपण ते जाणले, तर ती कृतज्ञता. शब्दातच अर्थ आहे. कृत म्हणजे केलेले, ते जाणणारा तो कृतज्ञ. त्यात गुडघे टेकण्याचा कोठेही संबंध नाही.

भगवान बुद्धांनी या गुणाला फार वरचे स्थान दिले. महामंगल सुत्तात जी उत्तम मंगले सांगितली आहेत, त्यांत कृतज्ञता आहे. अंगुत्तर निकायात ते म्हणतात की, जगात दोन माणसे दुर्मिळ आहेत. एक, आपण होऊन दुसऱ्याचे भले करणारा. दुसरा, केलेले जाणून त्याची फेड करणारा. बोधी प्राप्त झाल्यावर ज्या वृक्षाने सावली दिली, त्याच्याकडे ते आठवडाभर अनिमिष नेत्रांनी पाहत राहिले, असे परंपरा सांगते. त्यांनी त्या झाडाजवळ काही मागितले नाही. त्याच्यापुढे नवस केला नाही. फक्त जाणले.

पण जाणणे कुठे थांबते आणि पूजा कुठे सुरू होते? शिरूरकरांना याचे उदाहरण घराजवळच सापडेल. तेथे पूर्वी इंग्रजांची छावणी होती. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेस या अधिकाऱ्याची कबर तेथे आहे. आसपासचे लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणून पुजू लागले आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य कबरीवर आणू लागले, अशी नोंद जुन्या सरकारी गॅझेटियरात आहे. भला वागलेल्या माणसाची आठवण राहणे चांगले. पण आठवणीचे दैवत झाले की माणूस विचार करायचे सोडतो आणि मागायला लागतो.

आता दौंड तालुक्यातल्या केडगावला या. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तेथे आहे. रमाबाई ब्राह्मण घरात जन्मल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ज्या धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांचे ऋण रमाबाईंनी कधी नाकारले नाही. परंतु त्या भगिनी जेव्हा 'असेच माना, तसेच माना' म्हणू लागल्या, तेव्हा रमाबाईंनी पत्रांतून ठाम वाद घातला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले ती दुसऱ्याच्या जोखडात मान घालण्यासाठी नव्हे, असा त्यांचा रोख होता. पुढे १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार बायका-मुलींना आश्रय दिला. उतारवयात मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते छापण्याचे कामही तेथल्या बायकांनी केले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी त्यांनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्यांची श्रद्धा आपली नाही. पण ऋण मान्य करूनही बुद्धी गहाण न टाकणारी ही स्त्री आपल्याला परकी का वाटावी?

बाबासाहेबांचीही रीत हीच होती. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर लिहिताना त्यांनी मिशनऱ्यांचे शाळा-दवाखान्यांचे काम लक्षात घेतले. आणि त्याच लेखणीने ख्रिस्ती समाजात जात का टिकून राहिली, याचा जाबही विचारला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओ'कॉनेल यांचा दाखला दिला. त्याचा आशय असा की, थोरांविषयी कृतज्ञ असावे, पण कोणत्याही माणसाने स्वाभिमानाची आणि कोणत्याही राष्ट्राने स्वातंत्र्याची किंमत देऊन कृतज्ञ होऊ नये. सुनेच्या प्रश्नातल्या 'कुठवर' या भागाचे उत्तर येथे आहे.

राहिला प्रश्न 'कुणाची'. शेजारच्या आजींपासून आपण एक गोष्ट जरूर शिकावी. म्हातारपणी गुडघे धरतात, डोळे मंदावतात, माणसाला तक्रारीची सवय लागते. त्या मात्र रोज जेवणापूर्वी क्षणभर थांबतात आणि उपकारस्तुती करतात. हा नित्याचा सराव आहे, आणि सरावाने मन घडते हे तर आपल्या धम्माचेच सांगणे आहे. आपल्या घरांत फक्त वर्षातून दोन-चार दिवस वंदना होते आणि एरवी ताटावर बसून कुरकुर होते, हे बरे नव्हे.

पण एक भेद लक्षात ठेवावा. तांब्या नातवाने आणला, पाणी सुनेने भरले. सारे श्रेय प्रभूला दिले, तर त्या दोघांचे कष्ट दिसेनासे होतात. शिवाय सुख त्याच्या कृपेने, तर दुःखही त्याच्याच इच्छेने, असे म्हणणे भाग पडते. धम्म म्हणतो, प्रत्येक गोष्ट कारणांनी घडते. म्हणून आपली कृतज्ञता त्या कारणांकडे, त्या हातांकडे जाते. भाकरीमागे भीमा-घोडचे पाणी आहे, ऊन खाणारा मजूर आहे, पहाटे चुलीपुढे बसलेली बाई आहे. आभार मानायला देव नाही म्हणून आपण गरीब झालो नाही. आभार मानायला माणसे मिळाली, म्हणून श्रीमंत झालो.

तेव्हा प्रत्येक घराने एवढे करावे. संध्याकाळी त्रिशरण-पंचशीलानंतर घरातल्या वडीलधाऱ्यांनी आज आपल्याला कुणाचे कष्ट पोचले, ते नावानिशी सांगावे. सुनेचे नाव घ्यायला लाजू नये. मुलांनीही आईबापांच्या ऋणाची आठवण अंत्यविधीसाठी राखून ठेवू नये.

आणि त्या आजोबांना गप्प बसवू नये. मिशनचा हेतू संख्या वाढवण्याचा असेल. तो तपासायचा आपल्याला हक्क आहे. पण पाटी खरी होती, बाई खरी होती, शिकवलेले अक्षरही खरे होते. त्या अक्षरानेच आजोबा धम्मापर्यंत आले. जे केले गेले ते नाकारून आपला धम्म मोठा होत नाही. उलट सत्य बोलण्याचे शील मात्र मोडते.