कुंभार बोलू लागला

उन्हाळा लागला की रस्त्याच्या कडेला माठ मांडलेले दिसतात. घ्यायला आलेली बाई माठ उचलते, एका हातावर तोलते आणि दुसऱ्या हाताने टिचकी मारून कान देते. खणखणीत वाजला तर माठ पक्का. बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे, नाहीतर भाजणी कमी पडली आहे. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते. मातीवरची, मडक्यांवरची गाणी मी अशीच ऐकत आलो आहे आणि त्या ऐकण्यातून एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. आपल्या विचारात माती फार आधी आली, चाकही आलं. कुंभार मात्र बोलू लागला तो पुष्कळ उशिरा.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीचा दाखला देतो. मातीचा एक गोळा नीट जाणला की मातीचं सगळंच जाणलं. घागर, परळ, पणती ही नुसती नावं. खरी ती माती. पुढे ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत चाक येतं. काठी काढून घेतली तरी चाक मिळालेल्या वेगाने काही वेळ फिरत राहतं, तसंच ज्ञान झाल्यावरही देह पूर्वसंस्काराच्या जोरावर चालत राहतो. दोन्ही दाखले अचूक आहेत. चाक फिरताना ज्याने लक्ष देऊन पाहिलं आहे, त्यालाच असं सुचेल. पण या दाखल्यांत कुंभाराचे हात दिसत नाहीत, त्याची वाकलेली पाठ दिसत नाही. सिद्धान्त पटला की कुंभाराचं काम संपतं.

कबीरांच्या नावावरच्या दोह्यांत हे हात दिसू लागतात. कबीर स्वतः विणकर. हाताने काम करणाऱ्याला दुसऱ्याच्या हातातलं कसब लवकर दिसतं. गुरूला कुंभार आणि शिष्याला घडा म्हणताना त्यांनी नेमकी गोष्ट टिपली: बाहेरून मार बसतो तेव्हा आतून एका हाताचा आधार असतो.

हे कल्पनेतून आलेलं नाही. चाकावरून उतरतं ते मडकं जाड असतं आणि पुष्कळदा बुडाशी उघडं असतं. कुंभार ते सावलीत ठेवतो, जरासं सुकू देतो. मग एका हाताने आत गोल दगड धरतो आणि दुसऱ्या हाताने बाहेरून लाकडी थापी मारत मडकं फिरवत राहतो. दगड आणि थापी एकमेकांसमोर येतात, त्यांच्यामध्ये माती दाबली जाते, पातळ होते, पसरते. असंच हळूहळू बूड मिटतं आणि पोट फुगतं. आतला दगड सुटला तर थापी मडकं फोडेल. थापी थांबली तर मडकं जाड आणि ओबडधोबड राहील.

ही थापी हातात घेऊनच आपल्याकडे एक कुंभार उभा राहिला: तेरचे गोरोबाकाका. तेरणेच्या काठचं तेर हे प्राचीन तगर. इथे सापडलेल्या भाजक्या मातीच्या मूर्ती गावातल्या संग्रहालयात आहेत, म्हणजे इथल्या मातीला गोरोबांच्या कितीतरी आधीपासून हाताची सवय होती. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाई गोरोबांना कोणतं मडकं कच्चं ते पाहायला सांगतात. गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. नामदेव कळवळतात आणि कच्चे ठरतात. पुढे ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे जातात. ही कथा आपण परीक्षेची म्हणून सांगतो. पण कुंभाराच्या अंगणात बसून ऐकली तर ती वेगळी ऐकू येते. भाजलेल्या मडक्याला कुणी थापी मारत नाही, त्याला टिचकी पुरते. थापी असते ती ओल्या, अजून घडणाऱ्या मडक्यासाठी. कच्ची माती पुन्हा भिजवून चाकावर घेता येते. एकदा भाजलेली माती फुटली तर खापरीच होते. म्हणून ‘कच्चा’ या शब्दात मला नामदेवांची नाचक्की ऐकू येत नाही. अजून घडता येईल, असं एक कारागीर सांगतो आहे. हा अर्थ कथेत आणायला कुंभारच लागला.

गोरोबांची दुसरी कथा जास्त अवघड आहे. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना त्यांचं तान्हं मूल त्याच चिखलात पायाखाली गेलं. बायको पाण्याला गेली होती, मूल त्यांच्यावर सोपवून. महिपतींच्या १७६२ सालच्या ‘भक्तविजया’त ही हकिकत सविस्तर येते आणि शेवटी विठ्ठलाच्या कृपेने मूल परत मिळतं. कीर्तनात ऐकताना इथे डोळे पुसले जातात. माझं मन मात्र परत आलेल्या आईच्या हंबरड्यापाशीच राहतं. घडवणाऱ्याच्याच पायाखाली घडवलेलं मोडलं, तर दाद कुणाकडे मागायची?

हा प्रश्न उघडपणे आला १९६१ साली, ‘प्रपंच’ या मराठी चित्रपटात. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेलं आणि सुधीर फडक्यांनी संगीत देऊन गायलेलं कुंभाराचं गाणं महाराष्ट्राला पाठ आहे. त्यात गदिमांनी विठ्ठलालाच चाकावर बसवलं. सुरुवात कौतुकाची आहे: माती, पाणी, उजेड, वारा सगळं मिसळणारा तू. मग सूर हळूहळू बदलतो. घडवतोस तूच, फोडतोसही तूच. आणि प्रत्येक घटाच्या वाट्याला वेगळं दैव का?

इथे मला उद्दालकाला दिलेलं उत्तर ऐकू येतं. माती एकच, हे त्याने सांगितलं आणि ते खरंच आहे. पण एकाच मातीचं, एकाच भट्टीतून निघालेलं एक मडकं संक्रांतीचं सुगड होतं, त्यात ऊस, बोरं, हरभरा भरतात. एक नवरात्रात घट म्हणून बसतं, त्याच्याभोवती धान्य उगवतं. आणि एक मडकं चितेभोवती फिरवून फोडण्यासाठीच घेतात. ही तिन्ही कुंभाराच्याच हातून जातात. माती एकच असेल, तर हा फरक कुठून आला, हे विचारायचा हक्क तत्त्वज्ञाच्या आधी त्याचा आहे. घराघरांतली भूक आणि सुबत्ता शेजारी शेजारी पाहिलेल्या माणसाला ‘सगळी मातीच’ एवढ्यावर समाधान मिळत नाही.

हा प्रश्न भक्ती सोडून विचारलेला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. फडक्यांच्या आवाजात तक्रार आहे, पण परकेपणा नाही. आईवर रुसावं तसा विठ्ठलावर रुसणारा हा वारकऱ्यांचाच सूर आहे. गोरोबांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. गदिमांचा कुंभार त्याही पुढे जातो: ज्याने सगळं घडवलं, त्यालाच टिचकी मारतो आणि कान देऊन वाट पाहतो.