पावलीतील नवखा आणि अधिकाराचा प्रश्न

पनवेल परिसरातील आगरी गावांत हरिनाम सप्ताहाच्या संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला की टाळकरी समोरासमोर दोन रांगा धरतात आणि मृदंगाच्या ठेक्यावर पुढे-मागे पावले टाकीत नाचतात. या तालबद्ध पदन्यासाला वारकरी पावली म्हणतात. मुरलेल्या टाळकऱ्यांच्या रांगेत ज्याचा टाळ चुकतो आणि पायही चुकतो असा नवखा उभा राहिला, म्हणजे एक जुना तात्त्विक प्रश्न पुढे येतो: जे कर्म अद्याप साधत नाही, ते करण्याचा अधिकार माणसाला आहे काय?

पूर्वमीमांसेत अधिकार म्हणजे विशिष्ट कर्म करून त्याचे फळ भोगण्याची पात्रता होय. जैमिनीसूत्रांचा सहावा अध्याय याच विषयाला वाहिलेला असून, फळाची इच्छा, कर्माचे सामर्थ्य आणि आवश्यक ज्ञान यांवाचून ही पात्रता येत नाही, अशी त्या परंपरेची भूमिका आहे. याउलट भागवताच्या अकराव्या स्कंधातला भक्त लोकलाज सोडून गातो आणि नाचतो. त्याला कोणी पदन्यास शिकवलेला नाही. एकनाथांनी याच स्कंधावरील आपली मराठी टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली आणि हा विचार वारकऱ्यांच्या नित्य पारायणात आला. पावली मात्र या दोन्ही टोकांच्या मध्ये उभी आहे, कारण ती सर्वांना खुली असली तरी शिकल्यावाचून येत नाही.

ही कोंडी पावली शिकवण्याच्या रीतीतच सुटते. नवख्याला दोन जाणत्यांच्या मध्ये घेतले जाते. हातातला टाळ जमत नसेल तर तो काही काळ नुसत्या टाळ्या वाजवतो, आणि शेजारचा आपले पाऊल आखूड करून त्याला ठेका पकडू देतो. अमेरिकेतील स्क्वेअर डान्समध्ये चार जोड्यांचा चौकोन असतो, पुढची आकृती पुकारणारा वेगळा असतो, आणि एक जण चुकला तरी चौकोन विस्कटू शकतो; पावलीत पुकारणारा नसतो, मृदंग सांगतो आणि रांग एकाची चूक पोटात घालते. म्हणजे सामर्थ्याची अट येथे रद्द झालेली नाही. ती नवख्याच्या खांद्यावरून उतरून जाणत्याच्या खांद्यावर गेली आहे.

यावर आक्षेप असा की जाणत्याने पाऊल सतत आखूडच ठेवले तर कला खालावते आणि लय द्रुत झाली की नवखा तसाही मागे पडतो. हा आक्षेप स्पर्धेच्या मंचावर खरा ठरतो, कारण तेथे पाहणाऱ्यासाठी नाचले जाते; हरिपाठात मात्र प्रेक्षक हा मुख्य घटक नसतो, आणि लय वाढण्यापूर्वीचा संथ भाग शिकण्यासाठीच उपयोगी पडतो. अधिकाराची ही व्यापकता संप्रदायाच्या भोवतालच्या समाजाने नेहमी पाळली, असे मात्र म्हणता येत नाही: चोखामेळ्याला विठ्ठलाचे द्वार बंद राहिले आणि पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले होण्यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. म्हणून सर्वांना अधिकार आहे, एवढे तत्त्व मांडून भागत नाही. रांगेत आधीपासून उभ्या असलेल्याने सरकून जागा केली तरच तो अधिकार प्रत्यक्षात येतो, आणि भक्तीतील जाणतेपणाची कसोटीही तीच ठरते.