एकडावी मल्ल

गणेशगुडी या नावातच देऊळ आहे. कानडीत गुडी म्हणजे देवालय; आणि काळी नदीच्या काठी, सुप्याच्या धरणाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात सायंकाळची आरती आटोपल्यावर जी मंडळी पायऱ्यांवर बसतात, ती घरचे जेवण निवेपर्यंत उठत नाहीत. एरवी बोलणे पावसाचे, सुपारीच्या दराचे, नाही तर धरणात पाणी किती चढले याचे. यंदा मात्र जत्रेनंतरच्या चार-पाच सायंकाळी एका पोराच्या हारीने खाल्ल्या. आम्हीही त्या वादात होतो, आणि वाद मिटला नाही म्हणूनच हे लिहावेसे वाटले.

मुलगा हल्याळच्या बाजूचा. तिकडे कुस्तीचे वेड जुने आहे. या मुलाला एकच डाव येई, आणि तो म्हणजे ढाक: प्रतिस्पर्ध्याच्या मानेला विळखा घालावा, अंग वळवावे आणि त्याला कंबरेवरून उचलून मातीवर आदळावे. तीन जत्रांत त्याने याच एका डावावर नारळ आणि फेटा मिळविला. चौथ्या जत्रेत बेळगावकडचा एक पोरगा आला. वयाने लहान, अंगाने किरकोळ. आमच्या मल्लाने ढाकेसाठी हात टाकला, तो हात जागच्या जागी निसटला, पुन्हा टाकला, पुन्हा निसटला, आणि तिसऱ्या खेपेला आमचा मल्ल आभाळाकडे पाहत पडला होता.

दोन पक्ष तेव्हाच पडले. एक म्हणे, एका डावावर जगणारा केव्हा तरी असाच पडायचा. चार डाव शिकला असता तर ही वेळ येती ना. दुसऱ्या पक्षाचे पुढारी आमचे एक वृद्ध स्नेही. ते शांतपणे कोंकणीत म्हणाले, "ताका एकूच डाव येता, पूण तो येता." म्हणजे बाकीच्यांना दहा डाव ठाऊक असतात, येत मात्र एकही नाही. या वाक्यावर पहिल्या पक्षाला काही काळ उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही नाही.

इथवर हा केवळ आखाड्यातला प्रश्न होता. पण दुसऱ्या दिवशी कळले की मुलाला कोल्हापुरास जाऊन दुसऱ्या वस्तादाच्या हाताखाली राहायचे आहे, आणि ज्याने त्याला आठव्या वर्षापासून माती लावली त्या वस्तादाला हे कळताच तो तीन दिवस कोणाशी बोललेला नाही. आता प्रश्न डावांचा राहिला नाही. ज्याने एक विद्या दिली, त्याच्या हयातीत दुसऱ्याची विद्या घेणे ही कृतघ्नता की नाही? एकाला धरून राहणे ही निष्ठा, की तो केवळ आळस, निष्ठेचे उपरणे पांघरलेला? देवळाच्या पायरीवर बसणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही.

आधी केवळ कौशल्याच्या बाजूने पाहू. एकांगी मल्ल कमी दर्जाचा, असे मानण्याची घाई करू नये. अमेरिकेतील मुष्टियुद्धाचा एक काळ या बाबतीत फार बोधक आहे. जो फ्रेझरपाशी डाव्या हाताचा आडवा ठोसा, ज्याला हूक म्हणतात, तेवढाच खरा मोठा होता. लहानपणी शेतावर झालेल्या दुखापतीने त्याचा डावा हात पुरता सरळ होत नसे, असे त्यानेच सांगून ठेवले आहे. जणू दैवानेच तो हात त्या एका ठोशासाठी वाकवून ठेवला होता. त्याच्यासमोर महंमद अली: पायांचा नर्तक, लांबून टोचणारा, मागे झुकून वार चुकविणारा, प्रसंग पाहून रीत बदलणारा. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधरा फेऱ्या झाल्या आणि पंधराव्या फेरीत त्याच एका डाव्या हाताने अलीला जमिनीवर पाडले. निकाल एकमताने फ्रेझरकडे गेला. बहुरंगी हरला, एकरंगी जिंकला.

परंतु गोष्ट इथे थांबत नाही. जानेवारी १९७३ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे जॉर्ज फोरमनने याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. फोरमनही तसा एकाच गोष्टीचा धनी, अफाट ताकदीचा. आणि फ्रेझरची रीत वाकून पुढे, अधिक पुढे येण्याची, म्हणजे नेमकी फोरमनच्या ठोशाच्या वाटेत येण्याची. मग ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात अली या फोरमनपुढे उभा राहिला. सर्वांची अपेक्षा ही, की अली नाचेल. अली नाचला नाही. तो दोरांना पाठ टेकून हात तोंडापुढे धरून उभा राहिला, फोरमनला मारू दिले, मारून मारून त्याचे हात शिसे झाले, आणि आठव्या फेरीत त्याला खाली घातले. फ्रेझरने अलीला, फोरमनने फ्रेझरला, अलीने फोरमनला! या चक्रात श्रेष्ठ कोण ते ज्याला सांगता येईल त्याने सांगावे. आम्हाला एवढेच दिसते की कोणतीही रीत स्वतःपुरती श्रेष्ठ नसते. समोर कोण आहे, यावर तिचे मोल ठरते.

हा 'समोरचा' आमच्या वादात कोणाच्याच ध्यानी आला नव्हता. तो आणला मुलाच्या वस्तादाने. चौथ्या दिवशी बोलला तेव्हा त्याने मुलाला फक्त एक गोष्ट विचारली: "त्याने तुझ्या ढाकेला तोड कोणती केली?" मुलाला सांगता येईना. हात कसा निसटला, समोरच्याने खांदा खाली घेतला की कंबर मागे नेली, काही म्हणता काही त्याने पाहिले नव्हते. तीन जत्रा तो स्वतःच्या हातांकडेच पाहत लढला होता.

आमच्या समजुतीने एकांगीपणाचा खरा दोष हा आहे. डाव एक असणे हा दोष नव्हे. एका डावाच्या भरवशावर माणूस समोरच्याकडे पाहायचे सोडतो, हा दोष. कुस्तीच्या भाषेत प्रत्येक डावाला तोड असते, आणि तोड शिकायची म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरायचे: हा आता पट काढील, हा घिस्सा मारील, याला धोबीपछाडीची सवय आहे. ज्याला तोडी येतात त्याने निदान कबूल केलेले असते की जगात आपल्यावाचून आणखी कोणी आहे. एकाच मताने, एकाच सवयीने, एकाच पोथीने आयुष्य काढणाऱ्या सज्जनांविषयी आम्हाला आदर आहे. पण त्यांच्या घरच्या माणसांना विचारून पाहावे.

पंचतंत्रातली शतबुद्धी, सहस्रबुद्धी आणि एकबुद्धी यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. शंभर आणि हजार युक्त्यांचे दोन मासे कोळ्यांच्या जाळ्यात सापडले आणि एकाच युक्तीचा बेडूक वाचला. आमच्या वृद्ध स्नेह्यांनी ही गोष्ट विजयी मुद्रेने पुढे केली. परंतु त्या बेडकाची एक युक्ती कोणती होती? 'उद्या येऊ' हे कोळ्यांचे बोलणे ऐकले आणि तो रातोरात तळे सोडून गेला. मासे आपल्या युक्त्या मोजत बसले. बेडकाने कोळ्यांकडे कान दिला. ही गोष्ट एका डावाच्या बाजूची नाहीच. शिवाय, तळे सोडून जाणे किती अवघड असते ते या खोऱ्यातल्या माणसांना सांगायला नको. काळीवर धरण झाले, जुने सुपे पाण्याखाली गेले, कितीतरी कुटुंबांनी रामनगरास नवी चूल मांडली. पिढ्यान्‌पिढ्या एका शेताची, एका ओहोळाची विद्या ज्यांच्या हाती होती, त्यांना नवी माती, नवा बाजार, नवी कामे शिकावी लागली. त्यांना कोणी चंचल म्हणाले नाही. म्हणूही नये.

याच्या उलट बाजूचाही धोका आहे, आणि तो आजच्या काळात अधिक आहे. सर्व डाव थोडे थोडे शिकलेला मल्ल आम्ही पाहिला आहे. सलामी झोकदार, खडाखडी प्रेक्षणीय, पण पकड एकही अशी नाही की जिथून समोरचा सुटणार नाही. अशा माणसाला आपला म्हणून काही नसते. याहून कठीण गोष्ट पुढेच आहे: रीत बदलता बदलता मर्यादाही बदलण्याची सवय लागते. महाभारतात दुर्योधनाने तेरा वर्षे भीमाच्या लोखंडी पुतळ्यावर गदेचा अभ्यास केला. कृष्णच सांगतो की बळ भीमाचे अधिक, पण अभ्यास दुर्योधनाचा. पुतळा मात्र कधी नाभीच्या खाली वार करीत नाही. भीमाने केला, आणि मांडी फुटली. प्रतिज्ञा होती, द्रौपदीचा अपमान होता, हे सारे आम्हाला ठाऊक आहे. तरी नांगर उगारून धावलेल्या बलरामाचा संताप अजून आमच्या मनात पुरता निवालेला नाही. अनेक डाव येणे आणि कोणताही डाव चालणे, या दोहोंत अंतर आहे. अली दोरांना टेकला तेव्हा त्याने फोरमनला फसविले खरे, पण नियमांच्या आत राहून.

तालमीच्या कोनाड्यात मारुती का असतो, याचा विचार आम्ही या निमित्ताने केला. बळाची देवता म्हणून, हे उत्तर सोपे आहे. पण सुंदरकांडात सुरसेने वाट अडविली तेव्हा मारुतीने काय केले? ती तोंड पसरीत गेली तसा तो वाढत गेला, आणि मग एकाएकी अंगठ्याएवढा होऊन तिच्या मुखात शिरून बाहेर पडला. वाढणे हा एक डाव, लहान होणे हा दुसरा. आणि दुसरा डाव बलवानाला अधिक जड जातो. लंकेकडचे तोंड मात्र त्याने क्षणभरही फिरविले नाही.

आता राहिला गुरुद्रोहाचा प्रश्न. याला उत्तर द्यायला कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांच्याहून चांगला साक्षीदार आम्हाला सापडत नाही. जन्म १९२६ चा, वडील दादासाहेब स्वतः मल्ल. कुस्तीचे बाळकडू घरच्या मातीचे. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीचा मल्ल गादीवर उभा राहिला. मातीत पाय रुततो, गादीवर सरकतो; जुन्या मातीच्या कुस्तीला घड्याळ नसते, गादीवर वेळ आणि गुण दोन्ही मोजले जातात. अशा परक्या भूमीवर त्यांचा सहावा क्रमांक आला, आणि त्या दौऱ्यासाठी त्यांनी रीस गार्डनर या परदेशी शिक्षकाकडून धडे घेतले होते. पुढच्या चार वर्षांत वजनगट बदलला, तयारी बदलली. राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आणि १९५२ साली हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच गटात सुवर्ण घेणारा जपानचा शोहाची इशी हा मूळचा ज्युदोचा. युद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला. म्हणजे त्या गादीवर दोन माणसे अशी होती की ज्यांनी एका मातीत शिकून दुसऱ्या भूमीवर पाय रोवले होते.

आणि खाशाबांचा नावाजलेला डाव कोणता? ढाक! ती त्यांनी गादीवर आल्यावर टाकून दिली नाही. तिच्याभोवती इतर विद्या उभी केली. परदेशी शिक्षकाकडे शिकल्याने गोळेश्वरच्या मातीचा अवमान झाला, असे त्या गावातले कोणी म्हणेलसे आम्हाला वाटत नाही. आमच्यापैकी कितीतरी घरांचे कुलदैवत गोव्यात आहे, आणि रोजची आरती इथल्या गणपतीची. कुलदैवताला वर्षाकाठी नारळ जातो, इथल्या देवाला रोज दूर्वा. दोघांपैकी कोणी रुसल्याचे ऐकिवात नाही.

वस्ताद सगळे डाव शिकवितो, पण एक राखून ठेवतो, अशी आपल्याकडे म्हण पडली आहे. फारसी कवी सादीच्या गुलिस्तानातही ती गोष्ट येते: तीनशे साठ डावांचा वस्ताद शिष्याला तीनशे एकोणसाठ शिकवितो आणि उद्धट झालेल्या त्या शिष्याला राखलेल्या एका डावाने राजासमोर चीत करतो. ऐकणारे हसतात. आम्हाला ही गोष्ट कधीच आवडली नाही. शिष्य आपल्यावर उलटेल या भयाने जो झाकून शिकवितो, त्याने शिष्याला एकांगी केले याचा दोष निम्मा तरी त्याचा. हल्याळच्या वस्तादाबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. त्याने काही राखले नव्हते. त्याच्याजवळ ढाकच होती, आणि तीच त्याने उदंड दिली. तीन दिवसांचे त्याचे मौन रागाचे नसून लाजेचे असावे, असे आमच्या स्नेह्यांनी पुढे सुचविले, आणि ते आम्हाला पटले.

पाचव्या दिवशी वस्ताद स्वतः मुलाला घेऊन गणेशगुडीस आला. देवाला नारळ ठेवला. मुलाने पाय धरले तेव्हा म्हणाला, कोल्हापुरास जा, पट शीक, घिस्सा शीक, जे देतील ते घे; पण रोज पहाटे इतरांच्या आधी उठून ढाकेचे शंभर हात कर, आणि पुढच्या जत्रेला येशील तेव्हा बेळगावच्या त्या पोराची तोड मला दाखव. मलाही ती पाहायची आहे.

सकाळच्या बसने मुलगा गेला. पायऱ्यांवरचे दोन्ही पक्ष आपापल्या जागी आहेत, आमचे वृद्ध स्नेही अजून म्हणतात, "पूण तो येता."