सस्पेन्स खात्यातली वायर

करंट नसलेली वायर कापावी की नाही, हा प्रश्न विजेचा नसून नीतीचा आहे.

टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले. १९६९ साली करार संपला आणि ट्रकच्या तोंडावरचा तारा मावळला. त्या ताऱ्याच्या काळातला एक ट्रक वाशिमच्या एका गॅरेजात पुनर्जन्म घेतो आहे. डॅशबोर्डखाली वायरींचं हे भेंडोळं! सगळ्यांचा रंग एकच, धुळीचा. एकीला टेस्ट लॅम्प लावला, पेटला नाही. मालक म्हणाले, "कापून टाक." मिस्त्री म्हणाला, "करंट नाही म्हून वायर मेली काय, शेठ? जरा ब्रेकवर पाय द्या." पाय दिला, लॅम्प पेटला!

आम्हा बँकवाल्यांचं शास्त्र हेच. ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती सस्पेन्स खात्यात. दहा वर्षं बेवारस पडलेली ठेव २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरी धनी उगवला तर पैसे मिळतात. मिस्त्रीही अनोळखी वायरीच्या टोकाला टेप गुंडाळून चिठ्ठी बांधतो, कात्री लावत नाही. आपल्याला उपयोग कळला नाही म्हणजे तो नाहीच, हे ठरवायचा अधिकार आपल्याला दिला कुणी?

कोपऱ्यातल्या आजोबांचा आता उपयोग काय, असं विचारणाऱ्यांनी थोडं थांबावं. घराला ब्रेक लावायची वेळ अजून आली नसेल.