गीतकाराचा रकाना
छोट्या संगीत प्रकाशन कंपनीत इंटर्नच्या वाट्याला बहुधा तक्ते भरणं येतं: गायक, गीतकार, संगीतकार, ध्वनिमुद्रणाचा १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक. कंटाळवाणं आहेच, पण गीतकाराची मिळकत याच रकान्यांवर टिकून असते. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला, तरी पैसा जातो नोंदीतल्या नावाकडेच. ‘कुलकर्णी’चं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी पडलं, की एका माणसाची दोन माणसं होतात आणि रक्कम अडकते. हे काम यंत्र करील, असं कुणी म्हणेल. जुळवाजुळव करीलही, पारंपरिक ओवीला नवी चाल कुणी लावली, हे मात्र फोन करून विचारावंच लागतं. मग ‘अनुभव मिळतोय ना’ म्हणत, दुसऱ्याचं मानधन सांभाळणाऱ्या या पोरांना बिनपगारी राबवणं कोणत्या हिशेबात बसतं?